मागच्या चाकांचा कॅम्बर

२,४०० रुपये मी अशा कामाचे मोजले, जे माझ्या गाडीत करताच येत नाही: मागच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे चाक आत-बाहेर किती कललंय तो कोन, सेट करणं. उरलेले २३,५०० रुपये कशाकशाचे गेले तेही सांगते, पण मनाला सगळ्यात जास्त लागले ते हे २,४००. ते घेणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की आपण काहीच करणार नाही आहोत.

मी ठाण्यात मानपाड्याला राहते आणि नोकरीला ऐरोलीला जाते. गाडी टोयोटा हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही असलेली, २०२३ची. पावसाळ्यात घोडबंदर रोडची काय दशा होते ते इकडच्यांना सांगायला नको. मेट्रोच्या खांबांच्या कडेने पाणी साचतं आणि पाण्याखाली खड्डा आहे की नुसताच ओला डांबर, ते कळत नाही. कासारवडवलीच्या अलीकडे असाच एक खड्डा पुढच्या डाव्या चाकाला बसला. आवाज असा आला की मागे बसलेला मुलगा दचकून उठला. टायर फुटला नाही, रिमही वरवर धड दिसत होती. पण त्या दिवसापासून गाडी सरळ चालवायची तर स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरावं लागायचं.

त्यात हायब्रिडची एक गोष्ट असते. सिग्नलवरून निघताना किंवा हळू गर्दीत इंजिन बंद असतं आणि गाडी मोटरवर चालते. पेट्रोलच्या गाडीत जे आवाज इंजिनाखाली झाकले जातात ते इथे स्वच्छ ऐकू येतात. दोन-तीन आठवड्यांत मला पुढून एक बारीक घरघर यायला लागली. टायरवरून तळवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत होतं. टो बिघडल्याची ही खूण आहे हे मला आज माहीत आहे. दोन्ही पुढची चाकं एकमेकांना समांतर न राहता किंचित आत किंवा बाहेर वळलेली असली की टायर रस्त्यावर फिरण्याऐवजी घासत जातो. तेव्हा मात्र मी नुसतीच घाबरले होते.

सर्व्हिस सेंटरची तारीख आठ दिवसांनंतरची मिळत होती. म्हणून ऑफिसातून येताना वाटेत लागणाऱ्या एका टायरच्या दुकानात गेले. दुकान मोठं, बाहेर कॉम्प्युटराइज्ड थ्री-डी अलाइनमेंटची (चाकांचे कोन मोजून जुळवण्याची) पाटी, आत एसीची खोली आणि चहा. मालक पन्नाशीचे, बोलायला अगदी आपुलकीचे.

"मॅडम, गाडी हायब्रिड आहे ना? मग हे होणारच," ते म्हणाले. "मागे बॅटरीचं वजन असतं. त्या वजनाने मागचा कॅम्बर बसतो. साध्या गाडीसारखं नुसतं टो करून चालत नाही, चारही चाकांचा कॅम्बर करावा लागतो. नाही केला तर पुढच्या सहा महिन्यांत चारी टायर जातील."

हायब्रिड हा शब्द त्यांनी पहिल्याच वाक्यात वापरला आणि माझी विचारशक्ती तिथेच थांबली. गाडी माझी, पण तिच्या आत काय आहे ते मला कुठे माहीत होतं? नारिंगी केबलला हात लावायचा नाही एवढंच शोरूममध्ये सांगितलं होतं.

मग स्क्रीन दाखवली. चारही चाकांचे आकडे लाल. मागच्या डाव्या चाकाचा कॅम्बर उणे २ अंश ४० मिनिटं. पुढच्या टायरवर एका पोराने बोट ठेवून बारीक चिरा दाखवल्या, "मॅडम, एक्स्प्रेस-वेला फुटेल हा." माझा मुलगा शेजारी उभा होता. मी हो म्हटलं.

बिल असं झालं: पुढचे दोन टायर १९,६००, चार चाकांचा कॅम्बर प्रत्येकी १,२०० प्रमाणे ४,८००, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग १,१००, नायट्रोजन ४००. एकूण २५,९००. जुने टायर "बायबॅकमध्ये" ठेवून घेतले. त्याचे पैसे बिलात कुठे वजा झाले ते मला आजही सापडलेलं नाही. हातात आलं ते कच्चं बिल. पक्कं मागितलं तर "जीएसटी लागेल, उगाच वाढेल" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. ऐरोलीच्या पुलावरून उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला. हायब्रिडमध्ये तसं केलं की मोटर उलट जनरेटरचं काम करते, बॅटरी भरते आणि पुढच्या चाकांवर हलका ब्रेक लागतो. रोजची सवय आहे मला त्याची. त्या दिवशी पुढची चाकं घट्ट धरून होती आणि मागचा भाग मात्र हलका, किंचित बाजूला सरकल्यासारखा वाटला. हात घामेजले. लेन बदलायची हिंमत झाली नाही, ट्रकच्या मागेच राहिले. स्टिअरिंग आता डावीकडे वाकडं होतं. आठवडाभरात डिस्प्लेवरचं मायलेज २३ वरून १९च्या आसपास आलं. नव्या टायरवर सुरुवातीला थोडं कमी होतंच, हे मी मान्य करते, पण एवढं नाही.

माझा मावसभाऊ डोंबिवली एमआयडीसीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. मोजमाप हेच त्याचं रोजचं काम. रविवारी घरी आला तेव्हा त्याला प्रिंटआउट दाखवलं. त्याने आकडे वाचलेच नाहीत. सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, ही गाडी तुझी नाहीये."

मशीनमध्ये गाडीचं मॉडेल निवडावं लागतं, मग मशीन त्या गाडीसाठी कंपनीने दिलेली मर्यादा घेतं आणि आकडा त्यात बसला तर हिरवा, नाही तर लाल दाखवतं. माझ्या कागदावर एका छोट्या हॅचबॅकचं नाव होतं. दुसऱ्या गाडीच्या मापाने मोजल्यावर धडधाकट गाडीही लाल दिसू शकते. मी तो कागद दहा वेळा पाहिला होता, आणि ती ओळ एकदाही वाचली नव्हती.

मग तो गाडीखाली वाकला. मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईला जोडलेली आहेत, तिला टॉर्शन बीम म्हणतात. त्यात कॅम्बर किंवा टो फिरवायला बोल्टच नसतो. जोडणी होते तेव्हा जे असतं ते असतं. जोरदार आपटून तुळई वाकली तर ती बदलतात, काही गाड्यांत चाकाच्या जोडापाशी शिम, म्हणजे पातळ चकती, घालून फरक काढतात. पण पाना लावून "सेट" करण्यासारखं तिथे काही नाही. तरीही कागदावर मागच्या डाव्या चाकाचा कॅम्बर कामाआधी उणे २ अंश ४० मिनिटं आणि कामानंतर उणे १ अंश २० मिनिटं होता.

"कशालाही हात न लावता आकडा निम्म्यावर आला," तो म्हणाला. "म्हणजे पहिल्यांदा मोजताना चूक होती, नाही तर मुद्दाम केलं."

ते कसं करतात तेही त्याने समजावलं. रिमवर क्लॅम्प लावून त्यावर टार्गेटची पाटी बसवतात. क्लॅम्प तिरका बसला तर चाक तिरकं असल्यासारखं मोजलं जातं. म्हणून मोजण्याआधी गाडी थोडी मागे ढकलून पुन्हा पुढे आणतात आणि मशीन तो तिरकेपणा वजा करतं. माझी गाडी पहिल्यांदा एक इंचही हलवली नव्हती. मी काचेतून बघत होते, मला आठवतंय. "काम" झाल्यावर मात्र मागेपुढे केली होती.

आणि बॅटरीचं वजन? माझ्या गाडीतली बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची आहे. बहुतेक पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांत ती तीस, चाळीस, त्याहून जास्त किलोवॅट-तासांची असते, तिच्याशी हिची तुलनाच नाही. आणि ती जिथे आहे ते वजन धरूनच कंपनीने मागची स्प्रिंग बनवलेली असते.

मग टायर. टायरच्या बाजूवर लांबट गोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. माझ्या नव्या टायरवर १८२१ होतं. २०२१चा अठरावा आठवडा. माझ्या गाडीपेक्षा तिचे नवे टायर जुने. आणि दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवायचे असतात, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, ते ब्रेक आणि स्टिअरिंगने थोडंफार सावरता येतं. मागचे घसरले तर गाडी फिरते. पुलावर मला जे जाणवलं ते हेच होतं. हे कळलं तेव्हा रागाआधी भीती वाटली. मागच्या सीटवर कोण बसतं ते मला माहीत आहे.

सर्व्हिस सेंटरला आठ दिवस थांबले असते तर हे टळलं असतं. शेवटी तिथेच गेले. त्यांनी योग्य मॉडेल निवडून मोजलं: मागचं सगळं मर्यादेत, फक्त पुढचा टो बिघडलेला. स्टिअरिंगला चाकांशी जोडणारा टाय रॉड फिरवून वीस मिनिटांत स्टिअरिंग सरळ झालं, जास्त ग्रूव्हचे टायर मागे गेले, हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरली. दुकानाने दहा पीएसआय जास्त भरली होती. पण पुढच्या दोन्ही स्ट्रटवर, म्हणजे चाकाला धरणाऱ्या शॉक ॲब्झॉर्बरच्या खांबांवर, रंग खरवडल्याच्या खुणा निघाल्या. कॅम्बर काढण्यासाठी तिथे हायड्रॉलिक टूल लावून दाबलं होतं. माझ्या गाडीत पुढचा कॅम्बरही फिरवायची सोय नाही, म्हणून तो भागच वाकवतात. स्ट्रट आज ठीक आहे, पण पुढे गळायला लागला तर वॉरंटीत बसेल याची खात्री त्यांनी दिली नाही.

तुम्ही अलाइनमेंटला गेलात तर एसीच्या खोलीत बसू नका, रॅम्पशेजारी उभे राहा. स्क्रीनवर गाडीचं नाव तुमचंच आहे का बघा. मोजण्याआधी गाडी मागेपुढे केली का बघा. मागचा कॅम्बर करायचा म्हणाले तर "कुठला बोल्ट फिरवणार ते दाखवा" म्हणा, आणि दाखवता आला नाही तर चावी घेऊन निघा. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही प्रिंटआउट घ्या. टायर रिमवर चढवण्यापूर्वी चार आकडे वाचा, चढवल्यावर कोणी परत घेत नाही. जुने टायर डिकीत टाकून घरी आणा. माझे आणले असते तर त्या चिरा कुणाला तरी दाखवता आल्या असत्या. आणि गाडी किंचित डावीकडे जाते म्हणून लगेच घाबरू नका. पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते कडेला उतरते असतात, तेवढा ओढा सरळ गाडीलाही असतो.

दोन्ही कागद घेऊन मी दुकानात परत गेले, मावसभाऊ बरोबर होता. मागचा बोल्ट दाखवा म्हटल्यावर मालक पोराला ओरडले, मग मशीनला दोष दिला, मग २,४०० रुपये रोख परत दिले. टायर आणि पुढच्या कॅम्बरबद्दल एक शब्द ऐकून घेतला नाही. "तुम्ही बघून घेतलेत" हेच धरून बसले. मी १९१५वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली आहे. कच्चं बिल असलं तरी पैसे यूपीआयने दिले होते, त्याची नोंद आहे. तिथून काही झालं नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. दोन्ही प्रिंटआउट, १८२१चा फोटो आणि स्ट्रटच्या खुणांचा फोटो, सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवलं आहे.