शोलापूरची मोहोर, की नुसतं ‘पूर’?

जुन्या नाण्यांचा लिलाव करणाऱ्यांचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रार आहे. सेवेला पाचपैकी तीन. का, ते वाचा.

मी सोलापूरचा. यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि अठरा वर्षांपासून एकच खूळ, आपल्या गावच्या टाकसाळीची नाणी. औरंगजेब १६८५ मध्ये विजापूरच्या मोहिमेसाठी सोलापुरात येऊन बसला. पुढे १६९५ पासून चारेक वर्षं त्याची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. मंगळवेढ्याला जाताना माचणूरचा किल्ला लागतो ना, तिथेच. त्या काळातले शोलापूर (सोलापूरचं जुनं नाव) छापाचे चांदीचे सहा रुपये माझ्याकडे आहेत. सोनं एकही नाही. त्यामुळे कॅटलॉगमध्ये ‘मोहोर, औरंगजेब, जर्ब शोलापूर, हिजरी ११०९, जुलूस ४२, दुर्मीळ’ असं वाचलं आणि दुकानातलं गिऱ्हाईक तसंच उभं राहिलं. जर्ब म्हणजे कुठे पाडलं, जुलूस म्हणजे बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष. अंदाज सव्वादोन ते पावणेतीन लाख. खाली बारीक अक्षरात, प्रमाणपत्र नाही.

घरात पहिला प्रश्न आला, “हॉलमार्क नाही आणि पावणेतीन लाख? अहो, डोकं ठिकाणावर आहे का?” हॉलमार्क सोन्याचा कस सांगतो, वय सांगत नाही. हे समजावताना माझ्याच लक्षात आलं की वय सांगणारा कागद कुठून आणायचा हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. अमेरिकेत एनजीसी, पीसीजीएस अशा कंपन्या आहेत. त्या नाणं तपासतात, ७० पैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करून परत पाठवतात. पण शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, आणि ती आपल्या मनाने देशाबाहेर धाडता येत नाही. म्हणजे डोळे आपलेच वापरायचे.

नाणी बघायची सोय पुण्यात होती. सकाळची हुतात्मा पकडली. पिशवीत भिंग, दोरा, खिशात मावणारा काटा आणि कडक भाकरी-शेंगाचटणी. इथे या लोकांना पूर्ण मार्क. टेबलावरच्या मुलीने मोहोर पाकिटातून काढून हातात दिली, घाई केली नाही. वजन १०.९४ ग्रॅम, मोहरेला साजेसं. मग मी भीतभीत विचारलं, पाण्यात बुडवून बघू का? तिने सायबाला फोन केला आणि चक्क पाण्याचा ग्लास आणून ठेवला. ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य केला, दोऱ्याने मोहोर बुडवली, तळाला टेकू दिली नाही. काटा ०.५७ वर थांबला, म्हणजे मोहरेएवढ्या जागेतल्या पाण्याचं वजन. १०.९४ ला ०.५७ ने भागा, १९.२ येतात, मोहोर पाण्याच्या तितकी पट जड. चोख सोनं १९.३. तांबं-चांदी मिसळलेली असती तर आकडा बराच खाली आला असता.

पण चोख सोन्याने काही सिद्ध होत नाही. आजही कुणी चोख सोन्याची मोहोर पाडू शकतो. म्हणून अक्षरं बघायची. औरंगजेबाच्या नाण्यावर फारसी ओळ असते, ‘सिक्का जद दर जहाँ चू मेहर-ए-मुनीर’, तळपत्या सूर्यासारखा शिक्का जगात चालवला. रुपयावर ‘मेहर’च्या जागी ‘बद्र’ येतो, म्हणजे पुनवेचा चंद्र. सोन्याला सूर्य, चांदीला चंद्र. रुपयावरून साचा उचलणारा भामटा हमखास इथे पकडला जातो. या मोहरेवर ‘मेहर’ स्वच्छ होतं. सालही जुळलं. औरंगजेबाचं राज्यवर्ष रमजानपासून मोजतात. बेचाळिसावं वर्ष ११०९ च्या रमजानमध्ये लागतं, म्हणजे ११०९ बरोबर ४१ किंवा ४२ एवढंच चालतं. दुसरा कुठलाही आकडा असता तर मी तिथूनच परत फिरलो असतो.

नाणं खरं होतं, माझी खात्री पटली होती. गाडं अडलं टाकसाळीवर. मोगली ठसा नाण्यापेक्षा मोठा, त्यामुळे कडेची अक्षरं कापली जातात. इथे तळाशी दिसत होतं फक्त ‘पूर’ आणि त्याच्या आधी एक उभी काठी. आता शोलापूर ‘पूर’, तसं बुऱ्हाणपूरही ‘पूर’! आणि बुऱ्हाणपूरच्या मोहरा काही दुर्मीळ नाहीत.

भिंगातून फोटो काढून आणले आणि शेजारच्या निवृत्त उर्दू मास्तरांकडे गेलो. म्हणाले, “शेठ, तुम्हाला काय वाचायचंय ते आधी सांगू नका.” बराच वेळ मोबाइल तिरका-सरळ करत होते. मग चहाच्या बशीशेजारी वहीत दोन्ही नावं लिहून दाखवली. शोलापूरमध्ये अलिफची, म्हणजे ‘आ’ची, काठी उभी राहते आणि ‘पे’, म्हणजे ‘प’, तिच्यापासून सुटा सुरू होतो. बुऱ्हाणपूरमध्ये काठीनंतर नूनचा, म्हणजे ‘न’चा, एक छोटा दात येतो, डोक्यावर टिंब, आणि तो ‘पे’ला चिकटलेला. सगळा फरक त्या एका दाताचा. आणि नेमकं तिथेच नाणं खरचटलेलं. “दात होता का नव्हता, मी तर कसम खाणार नाही,” मास्तर म्हणाले.

आता तक्रार. कॅटलॉगमधल्या फोटोत उजेड असा पाडलाय की ती खरचट म्हणजे मोकळी जागाच वाटते. शिवाय मोहरेच्या वरच्या कडेला फिकट पिवळा ठिपका आहे, कधीतरी माळेत ओवायला कडी झाळली होती त्याची खूण. किंमत पाडणारी गोष्ट, वर्णनात अवाक्षर नाही. अटींचं पान वाचलं तर नाणं खोटं निघाल्यास पैसे परत, पण ‘टाकसाळ, वर्ष व दुर्मीळता ही संस्थेची मते आहेत’. फोन केला. “सर, आमच्या एक्स्पर्टने पाहिलंय.” म्हटलं, लेखी द्या. “लेखी देत नाही सर.” बोलणं गोड, पण जे नाव वाचून अंदाज चढवला त्याची जबाबदारी कुणाचीच नाही.

सराफ कट्ट्यावरच्या ओळखीच्या सराफाचं मत वेगळं. “सोनं चोख आहे ना मालक? घ्या की. मोडीत काय बुडतंय?” मोडीत त्या दिवशीच्या भावाने सव्वा लाख आले असते. उरलेला लाख-दीड लाख त्या दाताचा.

मी हिशोब बुऱ्हाणपूर धरून केला, झाळल्याची खूण धरून. बोलीवर १५ टक्के कमिशन, त्यावर कर. माझी हद्द १,३०,००० ठरली. ती वहीत लिहून ठेवली, कारण लिलावाच्या वेळी माझा माझ्यावर भरवसा नाही. बोली ऑनलाइन, १,१०,००० पासून सुरू. मी १,३०,००० लावले, डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्याने १,३५,००० केले. १,७०,००० पर्यंत माउसवरचं बोट शिवशिवत होतं, खोटं कशाला बोलू. २,४०,००० ला हातोडा पडला.

संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, कितीला गेली? आकडा सांगितला तर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “खरचट महागात पडली कुणाला तरी.” मी म्हटलं, किंवा मला ठरवता आलं नाही ते, म्हणजे तिथे दात नाहीच, हे तो माणूस नीट बघून आला असेल. तेही शक्य आहे.

या लिलाववाल्यांच्या पुढच्या लिलावात शोलापूरचे दोन रुपये आहेत, ‘शो’ पूर्ण दिसतोय. कडेचे फोटो मागून आठ दिवस झाले. अजून आलेले नाहीत.