भुलीच्या शिक्षणासाठी ह्यूस्टनला जाताय? डिपॉझिट असं बुडतं

अमेरिकेत नर्स अ‍ॅनेस्थेशियाचा, म्हणजे नर्सने भूल द्यायला शिकायच्या अभ्यासक्रमाचा, प्रवेश पक्का झाला की पुढच्या चार-सहा महिन्यांत नोकरी सोडायची, सामान हलवायचं आणि अनोळखी शहरात घर शोधायचं. याच काळात भाड्याच्या घराच्या नावाखाली पैसे बुडतात. बुडतात ते आयसीयूत बारा-बारा तास डोळ्यांत तेल घालून मॉनिटर बघणाऱ्यांचे. त्यांना अक्कल नसते असं अजिबात नाही. सुट्टी मिळत नाही, जायचं शहर हजार मैलांवर असतं आणि तारीख ठरलेली असते. भामट्याला नेमकी अशीच माणसं हवी असतात.

आपल्याकडे भूल देणं हे भूलतज्ज्ञ डॉक्टरांचं काम, त्यामुळे घरच्यांना या शिक्षणाचा आवाका चटकन कळत नाही. अमेरिकेत किमान एक वर्षाचा आयसीयूचा अनुभव घेतलेल्या नर्सला हा अभ्यासक्रम करता येतो. १ जानेवारी २०२२ पासून नवा प्रवेश डॉक्टरेटलाच मिळतो आणि तो साधारण ३६ महिन्यांचा असतो. पदवीपर्यंत किमान ६०० केसेस आणि २,००० तास क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष हॉस्पिटलमधलं काम, पूर्ण व्हावे लागतात. एवढ्या धबडग्यात नोकरी जमत नाही, बहुतेक ठिकाणी तर करूच नका असं सांगतात. म्हणजे निघताना खात्यात जे असेल त्यावर आणि कर्जावर तीन वर्षं काढायची. त्यातून ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद. अशा वेळी गेलेले तीन हजार डॉलर ओव्हरटाइम करून भरून काढायची सोय राहत नाही.

पुण्या-मुंबईची एक सवय इथे घातक ठरते. आपल्याकडे फ्लॅट आवडला की टोकन देऊन तो अडवून ठेवतात, कागदपत्रं मागाहून होतात. अमेरिकेतल्या भामट्याला हे टोकनच हवं असतं. तो त्याला ‘होल्डिंग डिपॉझिट’ म्हणतो, आणि आपल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही.

ह्यूस्टनचं उदाहरण घेऊ. तिथल्या टेक्सास मेडिकल सेंटरच्या परिसरात हे शिक्षण मिळतं आणि दर वर्षी बाहेरून विद्यार्थी येतात. समजा, जाहिरात दिसते ती अशी: दोन बेडरूमचं घर, फर्निचरसकट, मेट्रोरेलची रेड लाइन चालत पाच मिनिटांवर, कुत्रं चालेल, भाडं १,१५० डॉलर. आजूबाजूला तसलंच घर अठराशेच्या खाली नाही. मेसेज केला की दहा मिनिटांत उत्तर येतं. मालक सध्या परगावी असतो, कधी नौदलात, कधी आजारी आईपाशी. घर आतून दाखवायला कुणी नाही, पण बाहेरून खुशाल बघून घ्या म्हणतो. मग तो तुमची चौकशी सुरू करतो. काय शिकता, कधी येणार, सोबत कोण. ‘नर्स’ म्हटलं की लगेच, “तुमच्यासारखेच भाडेकरू हवे होते.” फॉर्म येतो, त्यात सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधार-पॅनसारखा सरकारी ओळख क्रमांक), ड्रायव्हिंग लायसन्सचा दोन्ही बाजूंचा फोटो, पगाराच्या स्लिपा. संध्याकाळी सांगतो की आणखी दोघं तयार आहेत, तुम्ही आज डिपॉझिट टाकलंत तर घर तुमचं. झेलने (आपल्या यूपीआयसारखी खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) ७५ डॉलर फॉर्मचे, १,१५० डिपॉझिट, १,१५० पहिल्या महिन्याचं भाडं. दोन दिवसांनी ‘परत मिळणारा विमा’ म्हणून आणखी चारशे. चावी कुरियरने येणार असते, ती येत नाही. ट्रक घेऊन पत्त्यावर पोचलं की दार उघडतं ते तिथे तीन वर्षं राहणारं कुटुंब. ते घर भाड्याला निघालेलंच नसतं. फोटो जुन्या विक्रीच्या जाहिरातीतून उचललेले असतात.

हे फोटो झूम करून बघा. खालच्या उजव्या कोपऱ्यात पुसट पट्टा दिसतो का, किंवा सगळे फोटो खालून सारखेच कापलेले आहेत का? तिथे मूळ जाहिरातीची खूण होती. खिडकीखाली लोखंडी रेडिएटर आहे का? ह्यूस्टनच्या घरांत तो जवळपास नसतोच. तळघरात उतरणारा जिना दिसला तर जास्तच सावध व्हा, कारण तिथली घरं बहुतेक थेट काँक्रीटच्या स्लॅबवर बांधलेली असतात, तळघर विरळाच. हॉलमधली आणि बेडरूममधली इलेक्ट्रिकची बटणं वेगवेगळ्या धाटणीची असतील, तर दोन घरांचे फोटो एकत्र केले असण्याची शक्यता धरा. फोटो गूगलवर उलट शोधायला टाका. तोच हॉल दुसऱ्या शहरात, दुसऱ्या भाड्याने सापडला तर प्रश्न मिटला.

याहून कपटी प्रकार वर्गाच्या फेसबुक किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये होतो. प्रवेश मिळाला की आनंदाच्या भरात माणूस पोस्ट टाकतो, शहर, कॉलेज, वर्ष सगळं लिहून. दोन दिवसांनी ‘सीनियर’चा मेसेज येतो. पदवी होतेय, लीजचे (भाडेकराराचे) आठ महिने उरलेत, फर्निचर तसंच सोडतेय, डिपॉझिट मला दे आणि तू ये. भाषा अगदी आतली असते, सिम्युलेशन लॅब, बोर्डाची परीक्षा, पहाटे पाचचं सेटअप. एवढं ऐकलं की संशयच येत नाही. मराठी मंडळींच्या ग्रुपवर हाच डाव ओळखीच्या आडनावाने खेळला जातो, ‘आपलाच माणूस’ म्हणून. यावर उपाय सोपा आहे. विद्यापीठाच्या ईमेल पत्त्यावरून एक ओळ लिहायला सांगा, आणि मूळ लीज देणाऱ्या अपार्टमेंटच्या ऑफिसला, तुम्ही स्वतः शोधलेल्या नंबरवर, फोन करा. लीज दुसऱ्याच्या नावावर करायला किंवा पोटभाडेकरू ठेवायला टेक्सासमध्ये मालकाची परवानगी लागते. ती नसेल तर समोरचा माणूस खरा असला तरी तुम्ही त्या घरात बेकायदा ठरता.

तिसरा प्रकार चावीचा. मोठ्या भाडे-कंपन्या रिकाम्या घराच्या दाराला कोडचं कुलूप लावतात, भाडेकरूने एकट्याने जाऊन घर बघावं म्हणून. भामटा स्वतः भाडेकरू बनून कंपनीकडून कोड मिळवतो आणि तो तुम्हाला देतो. दार उघडतं, आत पंखा फिरतो, नळाला पाणी येतं. घर डोळ्यांनी पाहिलं म्हणून निर्धास्त होऊन पैसे दिले, सामान लावलं, आणि आठवड्याने कंपनीचा माणूस दारात. दार उघडलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं धरून चालू नका.

मालकी कुठे तपासायची? ह्यूस्टन बहुतांश हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) येतं, आणि तिथली घरं हॅरिस सेंट्रल अप्रेझल डिस्ट्रिक्ट या मालमत्ता-नोंदणीच्या कार्यालयाच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतात. पत्ता टाकला की मालकाचं नाव आणि टपालाचा पत्ता दिसतो. मात्र ह्यूस्टन म्हणून सांगितलेलं घर शुगर लँडला असेल तर ते फोर्ट बेंड काउंटीत येतं, पेअरलँडचं बरंचसं ब्रझोरिया काउंटीत. त्यांची कार्यालयं वेगळी. चुकीच्या काउंटीत शोधून ‘सापडलं नाही’ म्हणत पुढे जाणं ही नेहमीची चूक. मालक एखादी एलएलसी, म्हणजे खासगी कंपनी, असेल तर टेक्सास कंट्रोलरच्या (राज्याच्या कर-हिशेब खात्याच्या) साइटवर तिची नोंद बघा. एजंट मध्ये असेल तर एजंटांना लायसन्स देणाऱ्या टेक्सास रिअल इस्टेट कमिशनच्या यादीत नाव शोधा. घर शोधून देणाऱ्या अपार्टमेंट लोकेटरलाही तिथे लायसन्स लागतं, आणि त्याचं कमिशन सहसा अपार्टमेंटवाले देतात. तो तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर थांबा. नाव यादीत सापडलं म्हणूनही हुरळू नका, खऱ्या एजंटचं नाव आणि लायसन्स नंबर चोरून वापरणारे असतात. यादीत दिलेल्या ब्रोकरच्या ऑफिसला फोन करून विचारा, हा पत्ता तुमच्याकडे आहे का.

कागदांवरूनही बरंच कळतं. टेक्सासमध्ये अर्ज देताना मालकाने भाडेकरू निवडीचे निकष लेखी द्यायचे असतात. १ जानेवारी २०२२ पासून पुराची माहिती देणारी नोटिसही द्यावी लागते. घर पूरक्षेत्रात आहे का आणि गेल्या पाच वर्षांत त्यात पाणी शिरलं होतं का, हे त्याला माहीत असेल तर सांगावं लागतं. २०१७च्या हार्वी वादळात ह्यूस्टनमधल्या ब्रेज बायू या ओढ्याचं पाणी ज्यांनी पाहिलं, त्यांना या कागदाची किंमत सांगायला नको. भामट्याच्या पीडीएफमध्ये हे दोन कागद सहसा नसतात. उलट दुसऱ्याच राज्याच्या कायद्याचं कलम आणि वर नोटरीचा गोल शिक्का असतो. साध्या भाडेकराराला तिथे नोटरी लागत नाही, तो शिक्का फक्त छाप पाडायला. प्रामाणिक पण गबाळा मालकही कागद विसरू शकतो, हे खरं. तो मागितल्यावर आणून देतो. भामटा चिडतो किंवा घाई करतो.

डिपॉझिटची मर्यादा प्रत्येक राज्यात वेगळी. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये एका महिन्याचं भाडं, न्यू जर्सीत दीड महिन्याचं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांना एकाच महिन्याचं घेता येतं. टेक्सासमध्ये मर्यादा नाही, म्हणून ‘इथे तीन महिन्यांचं देतात’ ही थाप तिथे खपते.

पैसे कसे मागितले जातात, ते शेवटचं गाळणं. झेलने पाठवलेले पैसे मिनिटांत पोचतात आणि परत बोलावता येत नाहीत. तुम्ही स्वतः पाठवलेत म्हटल्यावर बँक सहसा जबाबदारी घेत नाही. वायर ट्रान्सफर, गिफ्ट कार्ड, क्रिप्टो यांतलं काहीही मागितलं तर बोलणं तिथेच संपवा. क्रेडिट कार्डावर निदान तक्रार नोंदवून पैसे अडवता येतात, म्हणून फॉर्मची फी अपार्टमेंटच्या पोर्टलवर कार्डानेच भरा.

घर प्रत्यक्ष बघणं जमत नसेल तर त्या शहरातल्या ओळखीच्या कुणाला पाठवा, आणि त्याने आत उभं राहून व्हिडिओ कॉल करावा. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालणार नाही. “आता सिंकचा नळ उघडा, आता फ्रीज” असं सांगून समोर करवून घ्या. कुणीच नसेल तर दोन आठवड्यांसाठी एक्स्टेंडेड-स्टे (जास्त दिवस राहायचं) हॉटेल घ्या, सामान स्टोरेजमध्ये टाका आणि तिथे जाऊन घर शोधा. हा खर्च जिवावर येतो, तरी बुडणाऱ्या डिपॉझिटपेक्षा तो बरा. पुढे क्लिनिकल रोटेशनसाठी दुसऱ्या गावात महिना-दोन महिन्यांची खोली घ्यावी लागली तर हीच सगळी तपासणी पुन्हा करा. तोवर थकवा दुप्पट असतो आणि घाई तिप्पट.

सामान हलवणाऱ्यांचं थोडक्यात. राज्याबाहेर सामान नेणाऱ्याकडे यूएसडॉट नंबर (केंद्रीय वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) हवा, तो त्याच खात्याच्या एफएमसीएसए या विभागाच्या साइटवर तपासता येतो. फोनवर स्वस्त आकडा सांगणारा बऱ्याचदा नुसता दलाल असतो, ट्रक दुसऱ्याचाच येतो, आणि सामान चढल्यावर दुप्पट पैसे मागून ते अडवून धरतात. अंदाजपत्रक कंपनीवर बंधनकारक नसेल तर सामान सोडवताना लेखी अंदाजाच्या ११० टक्क्यांहून जास्त मागता येत नाही, उरलेलं बिल नंतर येतं. नुकसानभरपाईच्या रकान्यात ‘रिलीज्ड व्हॅल्यू’ या किमान पर्यायावर सही केली तर भरपाई पौंडामागे ६० सेंट. चार पौंडांचा लॅपटॉप फुटला तर २ डॉलर ४० सेंट हातात पडतील.

पैसे गेलेच, तर त्याच तासाला बँकेला फोन करून व्यवहार अडवायला सांगा, वायर असेल तर रिकॉल, म्हणजे पैसे परत बोलावणं, मागा. मग एफबीआयच्या इंटरनेट क्राइम कम्प्लेंट सेंटरकडे, फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि स्थानिक पोलिसांकडे तक्रार. जाहिरात उडायच्या आत तिचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, पैसे ज्या नंबरला किंवा ईमेलला गेले तोही टिपून ठेवा. “तुमचे पैसे सोडवून देतो” म्हणत येणारा पुढचा फोन बहुधा त्याच टोळीचा असतो. लाजेने गप्प बसू नका, वर्गाच्या ग्रुपवर लगेच लिहा. तोच भामटा त्याच आठवड्यात तुमच्या वर्गातल्या आणखी कुणाशी बोलत असण्याची शक्यता मोठी आहे.

सोशल सिक्युरिटी नंबर दिला असेल तर पैसे गेले नसले तरी इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे (कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे) क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्याला कर्ज काढणं अवघड जातं. फ्रीझ फुकट होतो, आणि तिघांकडे वेगवेगळा करावा लागतो. नंतर खरं घर मिळालं की त्या मालकाला तुमचं क्रेडिट तपासायचं असेल. तो कुणाकडून रिपोर्ट घेतो ते आधी विचारा आणि तेवढ्याच ब्युरोकडचा फ्रीझ तात्पुरता उठवा. ऑनलाइन विनंती केल्यापासून तासाभरात तो उठवणं त्यांना बंधनकारक आहे.