चारशे हॉर्सपॉवरच्या गाडीचे मागचे टायर: इंदूरच्या रस्त्यांवर कोणते घ्यावेत?

मागच्या चाकांवर चालणारी चारशे-साडेचारशे हॉर्सपॉवरची गाडी इंदूरमध्ये आता अप्रूपाची राहिलेली नाही. सेकंडहँड घेतलेली मस्टँग जीटी, बीएमडब्ल्यूची एम२, एखादी जुनी सी६३ विजयनगर किंवा सुपर कॉरिडॉरला संध्याकाळी दिसतेच. या गाड्यांचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा कितीतरी आधी संपतात आणि बदलायची वेळ आली की मालक तीन गोष्टींत अडकतो. कंपनीने दिला होता त्याच जातीचा उत्तम समर टायर (गरम हवेत, ओल्या-कोरड्या रस्त्यावर रोज चालणारा स्पोर्ट टायर) घ्यावा, त्याहून मऊ ट्रॅकचा टायर घ्यावा, की हवा गेल्यावरही चालणारा रन-फ्लॅट घेऊन पंक्चरची काळजी मिटवावी? शिवाय आणखी रुंद टायर बसवायचा मोह असतोच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी इंदुरात रोज चालणार असेल, तर समर टायर घ्या, कंपनीच्याच मापात घ्या आणि दोन टायरांमध्ये निवड करायची वेळ आली तर ओल्या रस्त्यावर जो चांगला तो उचला. कोरड्या रस्त्यावरची पकड बघून मागचा टायर निवडणं मला चुकीचं वाटतं.

रबर किती ताकद पचवतं

एक हिशेब मांडू. एम२सारखी गाडी, माणसासकट साडेसतराशे किलोची. उभी असताना त्यातलं साडेआठशे किलो वजन मागच्या चाकांवर. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी मागे बसते आणि मागचं वजन हजार किलोच्या थोडं वर जातं. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचा आकडा, १ धरा. मग ताशी ६० किलोमीटरला ते दोन टायर मिळून रस्त्यावर उतरवू शकतात फक्त २३० हॉर्सपॉवर. इंजिन ४६० द्यायला तयार आहे. वरची निम्मी ताकद एक तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) कापून टाकतं, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरून रबर जळतं.

आता पाऊस पडलाय आणि गुणांक ०.६वर आला असं समजा. तोच आकडा सव्वाशेवर येतो. म्हणजे ६०च्या वेगाला तुमची एम२ एखाद्या बऱ्यापैकी सेडानएवढीच ताकद वापरू शकते, पण पायाखाली मात्र साडेचारशे घोडे मोकळे आहेत. गोची इथे आहे. ट्रॅकच्या मऊ टायरने कोरड्यात गुणांक १.१ केला तर कमाई किती? पंचवीस-तीस हॉर्सपॉवर. तोच टायर अर्धा झिजल्यावर पावसात ०.५वर आला, तर हाती उरतात शंभर.

शिवाय पुढचा टायर सुटला तर गाडी वळणाच्या बाहेर सरकते, आपण घाबरून पाय उचलतो आणि बहुतेक वेळा ती सावरते. मागचा सुटला की गाडी गर्रकन फिरते. जोरकस गाडीत तो सुटायला पाऊलभर ॲक्सिलरेटरही लागत नाही. जुलैत बायपासवर उताराच्या बाजूला साचलेलं पाणी, किंवा शेतातून ट्रॉली बाहेर आल्यावर डांबरावर पसरलेली माळव्याची काळी माती एवढं पुरतं. ओल्या काळ्या मातीवर कुठलाच टायर धड चालत नाही, पण खोल खाचांचा टायर निदान ती बाहेर तरी टाकतो.

समर टायर आणि ट्रॅकचा टायर

मिशेलिनचेच दोन टायर शेजारी ठेवू, म्हणजे कंपनीचा फरक मध्ये येणार नाही. पायलट स्पोर्ट ४एस आणि पायलट स्पोर्ट कप २. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ट्रेडवेअरचा (झीज सोसण्याचा) आकडा असतो: ४एसवर ३००, कप २वर १८०. ही अमेरिकी पद्धत आहे. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल चालवून, १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी ताडून झीज मोजतात. मात्र आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० एकच समजू नका. एकाच कंपनीच्या दोन टायरांत मात्र तो आकडा बराच खरा बोलतो.

कप २ला खाचा मुळातच उथळ आणि कमी असतात. ४एस नवा असताना साधारण साडेसात मिलिमीटर खोल असतो, कप २ त्याहून दोनेक मिलिमीटर कमी. आपल्याकडे कायद्याने कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच लागते. पण पाणी फेकायची ताकद त्याच्या खूप आधी जाते, मी ३ मिलिमीटरला पावसाळ्यापूर्वी टायर बदलायला सांगतो. या हिशेबाने कप २ला मुळात वापरायला उरतात अडीच मिलिमीटर. तेही मागच्या चाकांवर, जिथे सगळी झीज.

साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा एक जुना ठोकताळा आहे, नासाने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांवर केलेल्या प्रयोगांतून आलेला: पीएसआयमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा, त्याला ९ने गुणा, वेग नॉटमध्ये मिळतो. ३६ पीएसआयला येतात ५४ नॉट, म्हणजे ताशी बरोबर १०० किलोमीटर. पाणी खाचांपेक्षा खोल असेल तेव्हाची ही गोष्ट आहे. खाचा जितक्या उथळ, तितकं हे ‘खोल’ पाणी लवकर भेटतं. देवासच्या रस्त्याला १०० हा काही विशेष वेग नाही.

कप २ची दुसरी अडचण थंडी. हे रबर तापल्याशिवाय चिकटत नाही. जानेवारीत सकाळी सहाला इंदूरचा पारा आठ-दहा अंशांवर असतो. महेश्वरला जायला म्हणून निघालात आणि महू सोडून जाम गेटच्या घाटात शिरलात, तर तोवर टायर वरवर कोमट झालेला असतो, आतून नाही. ४एसही समर टायरच, ७ अंशांच्या खाली तोही कडक होतो, पण इंदुरात तशा सकाळी मोजक्याच.

मग कप २ कोणी घ्यावा? ज्याच्याकडे रिमचा दुसरा सेट आहे आणि जो खरोखर सर्किटवर जातो त्याने. आपल्याला सर्वांत सोयीचं मोठं सर्किट ग्रेटर नोएडाचं बुद्ध, आठशे किलोमीटरच्या आसपास. पीथमपूरच्या नॅट्रॅक्सचं नाव हमखास निघतं. २०२१ साली सुरू झालेला त्यांचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक खरंच अभिमान वाटावा असा आहे, पण ती चाचणीची जागा आहे. मनात आलं, गाडी काढली आणि गेलो, असं तिथे होत नाही. आणि तिथे जायचं असेल तरी मऊ रबरापेक्षा स्पीड रेटिंग (टायर किती वेग सोसतो ते सांगणारं अक्षर) आणि हवेचा दाब महत्त्वाचा, कारण वेग बराच वेळ टिकून राहतो आणि टायर आतून तापतो.

समर टायरांतही निवड आहे. ब्रिजस्टोन पोटेंझा स्पोर्ट हाताला जास्त धारदार लागतो, साइडवॉल कडक, आणि खड्ड्यात ते कमरेला कळतं. काँटिनेंटलचा स्पोर्टकाँटॅक्ट ७ ओल्या रस्त्यावर मला फार आवडतो. बजेट ताणलेलं असेल तर अपोलोने २००९मध्ये विकत घेतलेल्या व्रेडेस्टाइनचा अल्ट्रॅक व्होर्टी बघण्यासारखा आहे. रोजच्या गाडीसाठी मी तरीही ४एसकडे झुकतो, कारण तो सुटण्याआधी सांगतो. पकड एकदम जात नाही, हळूहळू निसटते आणि चालवणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो.

इथे एक सावधगिरी. दुकानात ‘पाच म्हणजे चारच्या पुढचा’ असं सांगून पायलट स्पोर्ट ५ दाखवतील. तो पायलट स्पोर्ट ४चा वारस आहे, ४एसचा नाही. ४एसच्या जागी जो आला त्याचं नाव पायलट स्पोर्ट एस ५. मध्ये एक ‘एस’, पण टायर वरच्या वर्गातला. बिलावर पूर्ण नाव लिहून घ्या.

रन-फ्लॅट

यावर फार बोलायला नको. हवा पूर्ण गेल्यावरही ताशी ८०च्या वेगाने ८० किलोमीटर नेतो, हा त्याचा मोठा गुण. रात्री घरच्यांना घेऊन खंडव्याच्या रस्त्याला असाल तर ही गोष्ट लहान नाही. पण त्यासाठी साइडवॉल जाड आणि कडक करावी लागते, चाक जड होतं आणि खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला धरून न राहता उडतो. जास्त ताकद असलेल्या गाडीला नेमकं हेच नको असतं. बीएमडब्ल्यू आपल्या खऱ्या एम गाड्यांना सहसा रन-फ्लॅट देत नाही. साधा टायर, डिकीत पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर, एवढं पुरे.

‘मामा, मागे तीनशेपाच बसवू का?’

लोकमान्य नगरातल्या भाच्याचा हा प्रश्न, आणि त्याच्या वयाच्या प्रत्येकाचा. एम२ला पुढे २७५/३५ आर१९ आणि मागे २८५/३० आर२० येतात. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, आणि आरच्या पुढचा रिमचा व्यास इंचांत. व्यास काढला तर पुढचा ६७५ आणि मागचा ६७९ मिलिमीटर, फरक अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल चाकांच्या फिरण्यातला फरक मोजूनच घसरण ओळखतात. मागे ३०५/३० बसवला तर तो होतो ६९१, आणि पुढच्याशी फरक जवळपास अडीच टक्के. गाडीला वाटतं मागची चाकं कायमच हळू फिरतायत. मग खरी घसरण ओळखायला उशीर होतो.

बरं, फायदा काय? वर काढलेल्या हिशेबात रुंदी कुठेच नव्हती, वजन आणि गुणांक होते. रुंद टायरने कोरड्यात थोडं मिळतं, उष्णता जास्त झेपते, हे खरं आहे. पण पाण्यात त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. रिम तेवढीच राहिली तर टायर कडेला फुगून बसतो आणि जमिनीवर नीट टेकत नाही. भाच्याला म्हटलं, ‘त्या फरकाच्या पैशात अलाइनमेंट कर, आणि दोन वर्षांनी पुन्हा विचार.’

उलट दिशेला, म्हणजे उंच साइडवॉलकडे, जाणं मला जास्त पटतं. २८५/३०ची साइडवॉल ८५ मिलिमीटर उंच असते, मस्टँगच्या २७५/४०ची ११०. आपल्या कॉलन्यांतले स्पीडब्रेकर आणि खोदून नीट न बुजवलेल्या चऱ्या बघता, रिम एक इंचाने वाढवून टायर पातळ करणं म्हणजे साइडवॉलवर फुगा यायला आमंत्रण. एकदा फुगा आला की आतले धागे तुटलेले असतात. तो टायर दुरुस्त होत नाही.

आतली कड

निवड करण्याआधी जुने टायर कसे गेले ते बघा. गाडी जॅकवर घ्या, मागचं चाक काढा आणि टायर आडवा ठेवून आतल्या कडेवरून बोट फिरवा. या गाड्यांची मागची चाकं वरून आत झुकलेली असतात, म्हणून आतली कड आधी झिजते. ओळखीतल्या एका गाडीचा टायर बाहेरून बघितला तर चार मिलिमीटर नक्षी शिल्लक. आतल्या कडेला रबर कागदासारखं पातळ, आणि एका जागी चमकणाऱ्या बारीक तारा. तो माणूस तसाच मुंबईला जाऊन आला होता. बोट एका दिशेने गुळगुळीत जातं आणि उलट फिरवलं की दातऱ्यांसारखं अडकतं, असं असेल तर टो (चाकं वरून पाहता आत-बाहेर वळलेली असतात तो कोन) बिघडलाय. तो नीट केल्याशिवाय कुठलाही महाग टायर बसवलात तरी तो असाच जाईल.

पैसे देण्यापूर्वी

जून २०२०पासून सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले. मोठी मापं त्यामुळे सहज मिळत नाहीत, आणि मिळाली तर कधीकधी गोदामात पडून राहिलेली असतात. साइडवॉलवर डॉटच्या पुढचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. दोन वर्षांहून जुना असेल तर मी घेत नाही, भाव कितीही पाडला तरी.

बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा असतो, पोर्शाच्या टायरवर एन०, एन१, मर्सिडीजच्या टायरवर एमओ. नाव तेच, पण त्या गाडीसाठी रबर किंवा बांधणी थोडी वेगळी. ताऱ्याचा आणि बिनताऱ्याचा एकाच ॲक्सलवर घालू नका. मागचे दोन्ही एकत्रच बदला. एक नवा आणि एक अर्धा झिजलेला असेल तर डिफरन्शिअलला (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला) सरळ रस्त्यावरही दोन चाकांचा फरक सांभाळत बसावं लागतं. लोड इंडेक्स कंपनीच्या आकड्याच्या खाली नको: ९९ म्हणजे एका टायरवर ७७५ किलो. स्पीड रेटिंग डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००, आणि तेही कमी करू नका, कारण त्या अक्षरात उष्णता सोसायची क्षमता आहे आणि मे महिन्यात इंदूरचं डांबर दुपारी हाताला चटका देतं.

हवा सकाळी, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने भरा. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब दोनेक पीएसआय वर जातो. दुपारी पंपावर ‘जास्त आहे’ म्हणून हवा काढली, तर रात्री टायर कमी हवेवर चालेल आणि कडा खाईल. नव्या टायरवर साच्यातून काढतानाचा निसरडा थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पाय हलका ठेवा, आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण तोवर विसरा.