पिशवीचा टीबी: साधी पीसीआर की सीबीनॅट?

मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात, गर्भाशयाच्या पिशवीतला तुकडा काढला जातो आणि कागद हातात येतो: 'टीबी पीसीआर पॉझिटिव्ह', म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीत तो सापडला. खोकला नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही. तरी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करायला सांगतात, सहा महिन्यांची. दुसरीकडे सीबीनॅट (हीही डीएनएचीच तपासणी, पण यंत्रात आपोआप होणारी) करून पाहिली, तर निगेटिव्ह. कोणाचं खरं मानायचं?

गोम अशी की दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर असू शकतात. या आजारात जंतू फार थोडे असतात आणि त्यांचा मुक्काम मुख्यतः गर्भनलिकांत. नळ्या जवळजवळ प्रत्येकीच्या धरलेल्या असतात, पिशवीचं अस्तर मात्र प्रत्येकीचं नाही. नमुना आपण घेतो अस्तराचा. चोर माजघरात आणि झडती ओसरीची, असा हा प्रकार.

साधी पीसीआर जंतूच्या डीएनएचे बारीकसे तुकडेही पकडते. हेच तिचं बळ आणि हाच तिचा दोष. मेलेल्या जंतूचा डीएनए तिला जिवंत जंतूपेक्षा वेगळा ओळखता येत नाही आणि लॅबमधल्या दुसऱ्या नमुन्याचा कण उडून आला तरी ती पॉझिटिव्ह म्हणते. शिवाय प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी. आयएस६११० हा डीएनएचा भाग आपल्याकडच्या काही जंतूंमध्ये सापडतच नाही, म्हणून चांगल्या लॅब एमपीबी६४ सारखं दुसरं लक्ष्यही तपासतात. रिपोर्टवर ही नावं आहेत का, एवढं तरी बघा.

सीबीनॅट बंद काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) चालते, त्यामुळे बाहेरचा डीएनए मिसळण्याची भीती अगदी कमी. दोन तासांत उत्तर, वर रिफॅम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतो की नाही तेही. ती पॉझिटिव्ह आली तर मी फारशी शंका घेणार नाही. निगेटिव्ह आली तर मात्र सुटकेचा निःश्वास टाकू नका. जुन्या काडतुसाला एका मिलिलिटरमध्ये साधारण १३० जंतू लागतात, नव्या 'अल्ट्रा'ला १६ च्या आसपास, म्हणून मिळत असेल तर अल्ट्राच मागा. त्यात 'ट्रेस' असा निकाल आला तर जंतूचा माग लागला, पण औषधाबद्दल काही कळलं नाही, असा अर्थ.

ट्रूनॅट हे गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, अशीच डीएनए तपासणी करणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, पण तो पुरावा थुंकीच्या नमुन्यांवरचा होता. जवळ सीबीनॅट नसेल तर चालेल.

डीएनएची तपासणी कुठलीही घ्या, तिच्यासोबत कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि बायोप्सी (तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) हवीच. कल्चरला सहा आठवडे लागतात आणि बरेचदा काही उगवत नाही, पण उगवलं तर वादच मिटला. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या तपासण्यांवर २०१२ पासून बंदी आहे. माँटू (हातावर टोचून करतात ती) किंवा इग्रा (रक्ताची) तपासणी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी संसर्ग झाला, एवढंच.

खरी चूक पुष्कळदा यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच होते. तुकडा पाळीच्या थोडे दिवस आधी घ्यायचा आणि दोन बाटल्यांत वाटायचा: बायोप्सीचा फॉर्मॅलिनमध्ये, कल्चर आणि सीबीनॅटचा साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये बुडवला तर जंतू मेले, कल्चर गेलं. टेबलावर झोपण्याआधी सिस्टरना विचारा, "बाटल्या दोन आहेत ना?" प्रश्न आगाऊ वाटला तर वाटू द्या.

मग ठरवायचं कसं? सीबीनॅट किंवा कल्चर पॉझिटिव्ह, अथवा बायोप्सीत टीबीच्या गाठी दिसल्या, तर उपचार लांबवू नका. सरकारी केंद्रात औषधं मोफत आहेत. फक्त पीसीआर पॉझिटिव्ह आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर तेवढ्यावर एकेटी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. लिव्हरला त्रास देणारी औषधं आहेत ती. अशा वेळी पोटातून दुर्बिणीने (लॅपरोस्कोपी) नळ्या बघण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि सगळंच निगेटिव्ह, पण दुर्बिणीत नळ्यांवर पांढरे दाणे दिसले, तर डॉक्टर त्यावरूनही औषधं सुरू करतात. ते चुकीचं नाही.

कोर्स संपल्यावर 'गेला का' म्हणून पुन्हा पीसीआर करायला मात्र जाऊ नका. मेलेले जंतू तिथेही पॉझिटिव्ह दाखवू शकतात.