मालवण बाजारातलं मेडिकल: 'बॅक्टेरियल' म्हणालात तर काका आधी विचारतात, कोणी सांगितलं?

मालवणच्या बाजारपेठेतल्या या मेडिकलला मी पाच स्टार देतेय, आणि डिस्काउंटसाठी नाही कारण डिस्काउंट इथे फारसा मिळतच नाही. (नाव टाकू नको असं काकांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही.) पाच स्टार यासाठी की काउंटरवरचे काका गोळी काढायच्या आधी तुम्ही काय बोललात ते ऐकतात आणि चुकीचं बोललात तर तिथल्या तिथे सांगतात. खास करून 'बॅक्टेरियल' हा शब्द. हल्ली आपल्याकडे सर्दी बॅक्टेरियल, ताप बॅक्टेरियल, विहिरीचं पाणी बॅक्टेरियल, साबण पण बॅक्टेरियल, आणि एकदा तो शब्द तोंडातून गेला की बहुतेक दुकानांत पुढचा हात अँटीबायोटिकच्या खणाकडेच जातो.

पावसाळ्यात मी आईची बीपीची औषधं घ्यायला उभी होते, पुढे एक मुलगा, बहुतेक बोटीवर काम करणारा, हातात अझिथ्रोमायसिन या अँटीबायोटिकची अर्धी कापलेली स्ट्रिप. म्हणाला, "काकानू, माका बॅक्टेरियल सर्दी झाली हा, हेच्यातल्यो तीन गोळयो देवा." काकांनी विचारलं, "बॅक्टेरियल कोणी सांगल्यान? डॉक्टरान?" तर म्हणे नाय, मित्रान, शेंबूड पिवळा येता ना म्हणून. काकांनी ती स्ट्रिप हातात घेतली, उलटी केली आणि मागची उभी लाल रेघ नखाने दाखवली. ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही, आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये त्याची मोठी मोहीम पण काढली होती, तरी स्ट्रिप कापून कापून देताना ती रेघ बघतो कोण. मग काका त्याला म्हणाले की साधी सर्दी व्हायरसमुळे होते, शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून ती बॅक्टेरियल होत नाही, वाफ घे, मिठाच्या पाण्याने गुळण्या कर, ताप चढला किंवा दम लागला तर डॉक्टरांकडे जा. मुलगा जरा नाराज झाला पण पॅरासिटामॉल घेऊन गेला. माझ्यामागे अजून चार माणसं होती तरी काकांनी घाई केली नाही, हे मला फार आवडलं.

नंतर गर्दी कमी झाल्यावर मी विचारलं की काका एवढं समजावत बसता ते कशाला, तर त्यांनी जे सांगितलं ते मला शाळेत कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. अँटीबायोटिक बहुतेक वेळा एकतर बॅक्टेरियाच्या पेशीची भिंत धड बांधू देत नाही, नाहीतर त्याचं प्रोटीन बनवायचं काम बंद पाडतं, आणि व्हायरसला तशी भिंतही नसते आणि प्रोटीन बनवायची स्वतःची सोयही नसते, तो आपल्याच पेशीत शिरून तिच्याकडून काम करून घेतो, मग गोळी जाऊन मारणार कशावर. मरतात ते पोटातले चांगले बॅक्टेरिया, आणि जे चिवट उरतात ते पुढच्या वेळी त्याच गोळीला दाद देत नाहीत. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 मध्ये नोबेल घेतानाच्या भाषणात याच धोक्याबद्दल बजावलं होतं, म्हणजे ही गोष्ट कालपरवाची नाही.

तर काकांकडे शब्द कसा वापरायचा ते असं. आजार बॅक्टेरियल, म्हणजे बॅक्टेरियामुळे झालेला. टायफॉइड बॅक्टेरियल, टीबी बॅक्टेरियल, डेंग्यू नाही, मलेरिया तर बॅक्टेरियल पण नाही आणि व्हायरल पण नाही, तो परजीवी वेगळाच. क्रीम मागताना "बॅक्टेरियल क्रीम द्या" नाही, ती अँटीबॅक्टेरियल. "पाणी बॅक्टेरियल आहे" नाही, "पाण्यात बॅक्टेरिया सापडले" म्हणायचं आणि कुठले ते विचारायचं, कारण दह्यात पण बॅक्टेरिया असतात आणि ते आपण वाटीभर खातो. आणि हे काका मास्तरकी म्हणून करत नाहीत हो, माणूस जो शब्द बोलतो त्यावरच त्याच्या हातात काय पडणार ते ठरतं.

उलट बाजूने पण काका तितकेच कडक आहेत आणि मला वाटतं कोकणात ही बाजू जास्त महत्त्वाची आहे. लावणीच्या दिवसांत कोणी येऊन "व्हायरल ताप आहे, एक पॅरासिटामॉल द्या" म्हटलं की पहिला प्रश्न, "शेतात उतरला होतास? पायाला कुठे कापलंय?" कारण लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, तो खरंच बॅक्टेरियल. उंदराच्या, गुराच्या लघवीतून चिखलात पाण्यात येतो आणि कापलेल्या, भेगाळलेल्या कातडीतून आत शिरतो. जोराचा ताप, पोटऱ्या दाबल्या की दुखणं, डोळे लाल, असं असेल तर काका गोळी देतच नाहीत, सरळ सरकारी दवाखान्यात पाठवतात, कारण तिथे अँटीबायोटिक वेळेत सुरू झालं पाहिजे, उशीर झाला तर किडनी, लिव्हर जातं. तिकडे दोडामार्गात 2016 पासून माकडताप आला, तो गोचिडीतून येणारा व्हायरस, त्याला अँटीबायोटिकचा उपयोग शून्य. एकाच जिल्ह्यात, दोन्हीची सुरुवात तापाने, आणि नुसत्या अंदाजाने 'व्हायरल' म्हटलं काय किंवा 'बॅक्टेरियल' म्हटलं काय, दोन्हीकडे जीवाशी खेळ. ठरवणार डॉक्टर आणि रक्ताची तपासणी, काका स्वतः कधीच ठरवत नाहीत, हे पण लिहून ठेवते.

साबणाचं थोडक्यात. मी अँटीबॅक्टेरियल साबण मागितला गजकर्णासाठी, तर दिला नाही, गजकर्ण बुरशीचं असतं म्हणून. आणि ती तीन औषधं एकत्र असलेली स्टेरॉइडवाली ट्यूब पण देत नाहीत, ती दुसऱ्या एका दुकानात मला न विचारता मिळाली होती आणि डाग आधी गेला मग दुप्पट पसरला. रोजच्या हात धुण्याला साधा साबण पुरतो असंही त्यांचं म्हणणं, अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषध नियंत्रण खातं) 2016 मध्ये ट्रायक्लोसान धरून जंतू मारणारे 19 घटक अँटीबॅक्टेरियल साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबणापेक्षा जास्त उपयोग होतो असं कंपन्यांना दाखवता आलं नाही.

चिठ्ठी असली की मात्र काही कटकट नाही, पूर्ण कोर्स देतात, स्ट्रिपवर पेनाने सकाळ-रात्र लिहून देतात. सिफिक्झिम या अँटीबायोटिकसारखं शेड्यूल एच-1 मधलं, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावीच लागते अशा सरकारी यादीतलं औषध असेल तर वहीत डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं ते सगळं लिहितात, हा नियम 2014 पासून आहे आणि ती वही तीन वर्षं ठेवायची असते. मी ही वही भरताना फक्त इथेच बघितलीय.

आता त्रासाचं. दुपारी एक ते चार बंद, म्हणजे बंदच. काका एकटेच असतात त्यामुळे आठवडी बाजाराच्या दिवशी अर्धा तास धरून चला, घरपोच नाही, गाडी लावायला जागा नाही, लांबच्या वाडीतून रिक्षाने येणाऱ्याला औषध न मिळता परत जावं लागलं तर राग येणार हे मला कळतं, त्यासाठी निदान पाटी तरी लावायला हवी की चिठ्ठीशिवाय अँटीबायोटिक मिळणार नाही. मी त्यांना तसं सांगितलंय. जाताना डॉक्टरची चिठ्ठी न्या, फोटो चालत नाही, आणि आधी कुठली गोळी अर्धी घेऊन सोडली असेल तर रिकामी स्ट्रिप बरोबर न्या, ते बघून मग पुढचं बोलतात.