दर आठ महिन्यांनी ‘जाणारी’ बॅटरी: मालवणात झालेली माझी फसवणूक

मालवणहून आचऱ्याच्या बाजूला असलेल्या शाळेत मी रोज स्कूटरने जाते. कोळंबचा पूल ओलांडल्यापासून हा रस्ता बराचसा खाडीच्या आणि समुद्राच्या वाऱ्यातून जातो. आमची स्कूटर डिसेंबर २०२० मध्ये घेतलेली, म्हणजे इंधन इंजेक्शनची आहे. अशा गाडीत पेट्रोलचा पंपही बॅटरीवर चालत असल्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली की कित्येकदा किक मारूनही गाडी सुरू होत नाही, आणि भर पावसात शाळेची वेळ झालेली असताना समोरचा माणूस जे सांगेल ते खरे मानण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

जुलै २०२३ मध्ये स्टार्टर नुसता ‘कट-कट’ असा आवाज करू लागला, म्हणून मी वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तेथील मेकॅनिकने बॅटरीला हात लावून पाहिला आणि कोणतेही मोजमाप न करता सांगितले, “बाईनू, समुद्राकडच्या गाडीक बॅटरी वर्सभरच टिकता. तुमची अडीच वर्सां टिकली ह्याच खूप.” मी पंधराशे रुपये रोख देऊन नवी बॅटरी बसवून घेतली. पावती मागितली तेव्हा वॉरंटीचे कार्ड मागाहून देतो, असे उत्तर मिळाले. जुनी बॅटरी त्याने ठेवून घेतली आणि तिच्यापोटी एक रुपयाही वजा केला नाही. घरात काहीही नवे बसवले की त्यावर तारीख घालण्याची आमची सवय असल्यामुळे मी घरी आल्यावर त्या बॅटरीच्या बाजूवर मार्करने ‘१२-७-२३’ असे लिहून ठेवले.

मार्च २०२४ मध्ये तीच तक्रार पुन्हा उद्भवली. खाऱ्या हवेमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, असे सांगून त्याने दुसरी बॅटरी विकली. मधल्या काळात एकदा ‘बॅटरीत पाणी टाकले’ म्हणून ऐंशी रुपयेही घेतले होते. आज त्या ऐंशी रुपयांचाच मला अधिक राग येतो, कारण माझ्या गाडीतली बॅटरी बंदिस्त प्रकारची आहे. तिच्यात पाणी घालण्याची सोयच नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिसरी बॅटरी बसली. सोळा महिन्यांत तीन बॅटऱ्यांचे साडेचार हजार रुपये गेले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गाडी पुन्हा अंगणात अडून बसली.

माझे मोठे दीर कुडाळला वायरमनचे काम करतात. त्यांनी मल्टीमीटर आणून प्रथम इंजिन बंद ठेवून बॅटरी मोजली, तेव्हा १२.१ व्होल्ट आले. चांगली भरलेली बॅटरी स्थिर अवस्थेत साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. नंतर किकने कशीबशी गाडी सुरू करून त्यांनी वेग थोडा वाढवायला सांगितला. या वेळी साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत, कारण इंजिन चालू असताना बॅटरी भरली जात असते. पण काटा १२.३ च्या पुढे सरकेना. भावोजींनी रेग्युलेटरच्या, म्हणजे इंजिनाकडून येणारी वीज योग्य व्होल्टवर आणून बॅटरीला देणाऱ्या भागाच्या, वायरींचा सॉकेट बोटांनी दाबून धरताच १४.१ आले, आणि बोट काढताच आकडा पुन्हा खाली गेला. सॉकेट उघडला तेव्हा आतल्या पितळी पिना हिरव्या पडलेल्या होत्या. वीज कधी पोचत होती, कधी नाही, आणि म्हणून प्रत्येक नवी बॅटरी काही महिने चालून हळूहळू उतरत होती. खाऱ्या हवेचे नाव घेण्यात मेकॅनिक सर्वस्वी खोटा नव्हता, परंतु ती हवा वायरींचे जोड आणि टर्मिनल, म्हणजे बॅटरीला वायर जोडण्याची टोके, खाते. बंदिस्त बॅटरीच्या पोटात शिरून ती वर्षभरात संपवत नाही. सॉकेट बदलण्याचा सगळा खर्च अडीचशे रुपये आला.

खरा धक्का त्यानंतर बसला. चार्जरला लावण्यासाठी बॅटरी बाहेर काढली, तेव्हा दमटपणामुळे तिच्यावरील स्टिकरचे एक टोक सुटलेले दिसले. भावोजींनी ते सहज ओढले, आणि खाली माझ्याच अक्षरात ‘१२-७-२३’ लिहिलेले होते. मार्चमध्ये ‘गेली’ म्हणून काढून घेतलेली माझीच बॅटरी चार्ज करून, वर नवे स्टिकर चिकटवून त्याने नोव्हेंबरमध्ये मला पुन्हा विकली होती. मी तिचा फोटो घेऊन गॅरेजमध्ये गेले. ‘पोरग्याची चूक झाली’ असे म्हणून त्याने त्या एका बॅटरीचे पैसे परत केले. बाकीचे तीन हजार मात्र बुडाले, कारण माझ्याकडे एकही पावती नव्हती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे, पण तेथे नेण्यासारखा कागद हाती नसल्यावर तक्रार कशाच्या आधारे उभी करायची?

म्हणून किनाऱ्यावरील स्कूटरवाल्यांना माझे कळकळीने सांगणे आहे की, चार्जिंग ठीक असेल तर बॅटरी साधारणपणे तीन ते चार वर्षे चालते. गाडी आठवडे न् आठवडे उभी राहिली किंवा रोज फक्त किलोमीटरभरच चालली तर हा काळ कमी होतो, कारण एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर सतत चालू असतो आणि छोट्या फेरीत स्टार्टरने घेतलेली वीज भरून निघत नाही. तरीही वर्षाच्या आत दुसरी बॅटरी लागली, तर दोष बॅटरीबाहेर असण्याचीच शक्यता अधिक धरावी आणि पैसे देण्यापूर्वी इंजिन बंद व चालू असे दोन्ही आकडे आपल्यासमोर मोजून घ्यावेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली, तर आधी ऋण वायर सोडवून टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसावीत, पूर्ण कोरडी करावीत आणि व्हॅसलिनचा हात द्यावा. जोडताना ऋण वायर शेवटी लावावी. बॅटरीवरील उत्पादनाचा महिना आणि क्रमांक कार्डावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. जुन्या बॅटरीतील शिशाला भंगारात किंमत असते, ती पावतीत वजा झालेली दिसली पाहिजे.

कुडाळच्या एका दुकानातून मी पावतीसह बॅटरी घेतली आणि दर महिन्याला ती मोजते. माझ्या शाळेतील दोन शिक्षिका अजूनही त्याच गॅरेजमध्ये जातात. त्यांच्यापैकी एकीने गेल्या महिन्यात ‘आधी मीटर लावून दाखवा आणि पावती द्या’ असे म्हटले, तेव्हा ‘अजून वर्सभर चालतली’ असे सांगून त्याने तिला बॅटरी न बदलताच परत पाठवले.