सशाची आईविना पिल्लं आणि ३६० रुपयांचा वजनकाटा: सात महिन्यांनंतर

डिसेंबरात बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी पांढऱ्या मादीला सहा पिल्लं झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती पिंजऱ्यात मरून पडलेली दिसली. का मेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पिल्लं म्हणजे अंगठ्याएवढे गुलाबी गोळे. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कान चिकटलेले. त्यात बेळगावची थंडी. सासूबाईंनी डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "उंदराची पिल्लं दिसतात की गं ही. कुठली जगतात!"

त्या दिवसापासून जे जे विकत आणलं त्यातलं काय कामाचं ठरलं आणि काय माळ्यावर गेलं, ते लिहितेय.

पहिला पैसा वाया गेला विजेच्या गरम गादीवर. ९०० रुपये. एकतर आमच्याकडे रात्री लाईट कधी जाईल नेम नाही, आणि असली तर गादी एवढी तापायची की पिल्लं खोक्याच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसायची. चौथ्या दिवशी ती बंद केली. गरम पाण्याची बाटली पोराच्या जुन्या पायमोज्यात घालून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवली, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकायला जागा. खाली खानापूरकडून आलेलं भाताचं पिंजर म्हणजे पेंढा, वर आईनेच पोटाचे उपटून ठेवलेले केस. ते केस कुणी टाकून देऊ नका. त्यांच्याइतकं ऊबदार दुसरं काही बाजारात मिळालं नाही.

दूध मांजराच्या पिल्लांच्या पावडरीचं. गाईचं दूध पाजू नका असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पावडर चांगली आहे, पण गुठळ्या होतात आणि सिरिंजच्या तोंडाशी अडकतात. चहाच्या गाळणीनेही भागत नाही, मलमलच्या फडक्यातून गाळावं लागतं. सिरिंज १ मिलीची, सुई काढलेली. मेडिकलवाल्याने डझनभर मागितल्यावर कन्नडमध्ये विचारलं, "यारिगे?" म्हणजे कुणाला? मी म्हटलं, "मोलक्के." सशाला म्हटल्यावर तो हसला, पण दिल्या. पंधरा-वीस वेळा धुतल्या की आतलं रबर अडकायला लागतं आणि मग जोर लावला की दूध एकदम उडतं. असंच एका पिल्लाच्या नाकातून दूध आलं आणि ते दुसऱ्या दिवशी गेलं. तेव्हापासून रबर जरा जड झालं की सिरिंज कचऱ्यात. पिल्लू उताणं धरायचं नाही, चार पायांवर बसल्यासारखं धरायचं आणि थेंब थेंब ओठाच्या कडेला लावायचा. ते चाटतं तेवढंच.

आता काटा. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल, ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅमची मोजणी. डॉक्टर म्हणाले म्हणून घेतला, मला स्वतःला तो नसता खर्च वाटत होता. किती पाजायचं याचा अंदाज त्यांनी दिला होता: अगदी नवं पिल्लू एका वेळेला दोन-अडीच मिली, आठवड्याचं सहा-सात, दोन आठवड्यांचं बारा-तेरा, दिवसातून दोनदा. मी सिरिंज मोजून रिकामी करत होते आणि खूश होते. पण दोन पिल्लं वाढेचनात. मग एकदा पाजायच्या आधी आणि पाजल्यावर असं दोन्ही वेळा वजन केलं. सिरिंजमधून ४ मिली गेलं होतं आणि पिल्लू वाढलं होतं २ ग्रॅमने. उरलेलं हनुवटीखाली, मानेच्या घडीत आणि माझ्या पदराला! हातातून किती गेलं ते सिरिंज सांगते, पोटात किती गेलं ते काटाच सांगतो. त्यानंतर पाजायचा वेग निम्मा केला. त्या दोघांतलं एक सावरलं, एक नाही.

रोज सकाळी पाजायच्या आधी वजन. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात फडकं घालून डबा ठेवायचा, शून्य करायचं, मग पिल्लू. ते वळवळतं, आकडा ५८, ६३, ५५ असा नाचतो. तळहात वरून झाकणासारखा अलगद धरला, डब्याला न टेकवता, की अंधार झाल्यावर ते क्षणभर थांबतं. तोच आकडा लिहायचा. आमचं सगळ्यात दांडगं तिसऱ्या दिवशी ५८ होतं, आठव्या दिवशी ८१, दोन आठवड्यांनी १४० च्या वर. आईच्या दुधावर याहून भरभर वाढतात. डोळे अकराव्या दिवशी उघडले. ज्या दिवशी वजन वाढलं नाही किंवा दोन ग्रॅम उतरलं, त्या दिवशी पिल्लू दिसायला अगदी झोपल्यासारखं, छान. दिसण्यावर जाऊ नका.

एक दिवस चारही पिल्लांचं वजन एकदम सहा-सात ग्रॅमने कमी आलं. मी रडायच्या बेतात. नवऱ्याने शांतपणे पाकिटातली दहाची दहा नाणी काट्यावर ठेवली. एक नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं, म्हणजे ७७ यायला हवेत. आले ६८. सेल उतरले होते. काट्याबद्दल माझी मोठी तक्रार हीच, सेल संपत आल्याचं तो सांगत नाही, खोटं बोलायला लागतो. दुसरी तक्रार, दोन मिनिटांत आपोआप बंद होतो आणि डब्याचं शून्य पुन्हा करावं लागतं.

पाजण्याइतकंच दुसरं काम: प्रत्येक वेळी ओल्या कोमट कापसाने पोटाखाली हलकं चोळून शी-शू करवणं. डोळे उघडेपर्यंत ते स्वतः करत नाहीत. घाण वाटत असेल तर या भानगडीत पडूच नका. तिसऱ्या आठवड्यात वाळलं गवत कुरतडायला लागले, सहाव्या-सातव्या आठवड्यात दूध हळूहळू तोडलं. पोट बिघडायचा धोका तेव्हाच जास्त, म्हणून नवीन पाला एकावेळी एकच. आणि घरात पडलेली अमॉक्सिसिलिन तोंडाने देऊ नका, सशाच्या आतड्याला ती मारक असते.

फेब्रुवारीत अनगोळच्या एक बाई बुटांच्या खोक्यात तीन पिल्लं घेऊन आल्या. "आई जवळ बसतच नाही हो, टाकून दिलीय." पोटं बघितली तर टम्म. सशाच्या पिल्लांची आई दिवसातून एकदा-दोनदाच येते, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून जाते. बहुतेकदा पहाटे किंवा तिन्हीसांजेला, म्हणून कुणाला दिसत नाही. मी वजन लिहून दिलं, काटाही दिला आणि पिल्लं परत आईपाशी ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी फोन आला, एक ९ ग्रॅमने वाढलेलं, बाकीची आठ-आठ. माझ्या मते काट्याचे पैसे तिथेच वसूल झाले. टाकलेली म्हणून आणलेली बरीच पिल्लं टाकलेली नसतातच.

ऊसतोडीच्या वेळी चिकोडीकडच्या पुतण्याने फोटो पाठवला तो वेगळाच. अंगावर केस, डोळे उघडे, फडात एकटंच बसलेलं. तो रानससा. त्यांची पिल्लं जन्मताच अशी असतात आणि आई अंधार पडल्यावर येऊन पाजते. तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो, घरी पाळता येत नाही. बांधाच्या कडेला गवतात ठेव आणि कुत्री लांब ठेव, म्हटलं. जखमी असतं तर वनखात्याला कळवायचं.

चार पिल्लं जगली. दोन वडगावला एका ओळखीच्या घरी दिली, दोन आमच्याकडे. तिसऱ्या महिन्यातच नर-मादी वेगळी केली, नाहीतर ३१ दिवसांत पुन्हा तेच.

गादी पाचपैकी एक. सिरिंज चार, वेळेवर फेकल्या तर. पावडर साडेतीन. काटा साडेचार, अर्धा गुण त्या सेलसाठी कापला. कुणाला काटा हवा असेल तर या घेऊन, सध्या सासूबाई त्यावर अनारशाचं पीठ मोजतात. पावडरचा उरलेला डबा मात्र मागू नका, उघडून बरेच महिने झालेत.